शेवटचा सैनिक आणि उरलेले साक्षीदार

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी जो मुलगा अठरा वर्षांचा होता, त्याचा जन्म 1930 चा. आज तो हयात असलाच तर त्याने नव्वदी केव्हाच ओलांडली आहे. आणि अठरा वर्षांचा म्हणजे लढ्याच्या कॅम्पातला सगळ्यात लहान. ज्यांच्या हाती तुकड्या होत्या, ज्यांच्या सांगण्यावरून गावंच्या गावं लेव्हीचं धान्य घालायला नकार देत होती, ती माणसं त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी. ती तर कधीच गेली. म्हणजे या लढ्याचा शेवटचा सैनिक कोण, हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय तोच आहे. शेवटचा सैनिक म्हणायचं कुणाला, तो गेला की आपल्याजवळ काय उरतं, आणि काय उरायला हवं होतं?

आधी लढ्याचा पट डोळ्यांसमोर आणू. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण परभणी स्वतंत्र झाली नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या संस्थानातच राहिले. तेव्हाचा परभणी जिल्हाही आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. परतूर त्यात होतं. हिंगोली, वसमत, कळमनुरी त्यात होतं. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, आणि हिप्परगा व अंबाजोगाईच्या शाळांमध्ये मुलं घडवणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले.

1947 च्या ऑगस्टपासून पुढचे तेरा महिने हा लढा शस्त्रांचा झाला. एका बाजूला लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याची रझाकार संघटना, त्यांच्या पाठीशी संस्थानचे पोलीस. दुसऱ्या बाजूला सीमेपलीकडे, भारताच्या हद्दीत उभे राहिलेले कॅम्प. परभणीच्या उत्तरेची सीमा म्हणजे पैनगंगा. नदी ओलांडली की वऱ्हाड. उमरखेड, वाशीम ही गावं म्हणूनच या जिल्ह्याच्या इतिहासात आपल्याच तालुक्यांसारखी येतात. रात्री नदी उतरायची, करोडगिरीचा नाका जाळायचा, पाटील-पटवाऱ्याचं दप्तर पेटवायचं, शिंदीची झाडं तोडून निजामाचं उत्पन्न बुडवायचं आणि उजाडायच्या आत परत फिरायचं. 30 जानेवारी 1948 ला नांदेड जिल्ह्यात उमरीच्या बँकेवर धाड पडली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच तो दिवस. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयात त्यांचं नाव आज रोज घेतलं जातं. शेवटी 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत काम झालं.

या पाच दिवसांच्या नोंदी लष्कराने ठेवल्या. कोणती पलटण कुठून निघाली, नळदुर्गला काय झालं, औरंगाबाद कधी घेतलं, सगळं छापून आलं. त्याआधीच्या तेरा महिन्यांची नोंद कुणी ठेवायची? लढणाऱ्यांनी ठेवणं शक्यच नव्हतं. भूमिगत माणूस रोजनिशी लिहीत नाही. लिहिली आणि सापडली तर पाच घरं जळतात. म्हणून या लढ्याची खरी बखर माणसांच्या डोक्यात राहिली.

ती कागदावर आली खूप उशिरा, आणि आली तीही पेन्शनच्या निमित्ताने. 1972 साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. 1980 पासून त्याला सन्मान निवृत्तिवेतन म्हणू लागले. ऐंशीच्या दशकात हैदराबादच्या सीमेवरच्या कॅम्पांत राहिलेल्यांनाही त्यात जागा मिळाली. योजना चांगलीच होती. ज्यांनी शेती, शिक्षण, तारुण्य घालवलं त्यांच्या म्हातारपणाला तिने आधार दिला. पण सरकार पैसे द्यायचे तर पुरावा मागणार, आणि पुराव्याचे नियम ठरलेले. तुरुंगवास किमान सहा महिने. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. तुरुंगाचा दाखला नसेल तर सोबतच्या कैद्याचं प्रमाणपत्र. भूमिगत असाल तर ज्याचा स्वतःचा दीर्घ तुरुंगवास सिद्ध झालेला आहे अशा नामवंत सैनिकाचं प्रमाणपत्र.

अशी एखादी फाईल उघडून पाहावी. वर अर्ज, मग स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, मग तुरुंगाच्या रजिस्टरचा उर्दू उतारा आणि त्याचं मराठी भाषांतर, मागे जिल्हाधिकारी कार्यालयाची स्मरणपत्रं. निजामाच्या दप्तराची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी. रजिस्टरात अटक फसली महिन्यात. माणसाच्या आठवणीत ती नागपंचमीच्या आगेमागे किंवा खळं चालू असताना. प्रतिज्ञापत्रात वकिलाने लावलेली इंग्रजी तारीख. या तिन्हींचा मेळ बसला नाही की शेरा पडतो: पुराव्यात विसंगती. अशा शेऱ्यांपायी कित्येक खऱ्या माणसांचे अर्ज वर्षानुवर्षं फिरत राहिले.

फाईलमध्ये एका प्रश्नाचं उत्तर नेमकं मिळतं: किती महिने? हर्सूलच्या तुरुंगात होता की गुलबर्ग्याच्या, तेही कळतं. पण रात्रीच्या अंधारात पैनगंगेचा उतार कुणी दाखवला, ते तिथे नाही. कॅम्पात बंदुका किती होत्या आणि नुसत्या काठ्या किती, तेही नाही. पकडला गेल्यावर घरी आई-बायकोने पेरणी कशी केली, बैल विकले का, हे तर कुणी विचारलंच नाही. सरकारला ते विचारायचं कारणही नव्हतं. चूक आपली झाली. सरकारने पेन्शनपुरतं विचारलं आणि आपण समजलो की इतिहास विचारून झाला.

दुसरं नुकसान आणखी वाईट. पुराव्याला पैसा जोडला गेला की खोटा पुरावा येतो. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायमूर्ती पालकर आयोगाला चौकशी करावी लागली. पैसे कुणी खाल्ले याची चर्चा तेव्हा खूप झाली. साक्षीचं मोल किती घसरलं, याची फारशी झाली नाही. एकदा प्रमाणपत्रं विकली जातात म्हटल्यावर खऱ्या म्हाताऱ्याच्या सांगण्याकडेही गाव संशयाने पाहू लागतं. ज्याने खरोखर रात्री नाके जाळले त्याला नातवासमोर आपली गोष्ट सांगताना ओशाळं वाटावं, यापेक्षा त्या खोट्या फायलींचं मोठं पाप नाही.

हे फक्त मराठवाड्यात घडलं असं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातला शेवटचा निर्विवाद सैनिक म्हणून आल्बर्ट वूल्सन यांचं नाव घेतात. ते 1956 साली वारले. युद्धात ते ढोल वाजवणारे पोर होते. त्यानंतर 1959 साली टेक्सासमध्ये वॉल्टर विल्यम्स वारले तेव्हा दक्षिणेच्या सैन्यातला अखेरचा शिपाई गेला म्हणून मोठी अंत्ययात्रा निघाली. त्यांच्या वयाची कागदपत्रं तपासल्यावर दावा टिकणं कठीण झालं. शेवटचा ठरण्याचा मोह माणसालाही असतो आणि समाजालाही. एक नाव मिळालं, एक मिरवणूक निघाली की लढा संपला असं मानता येतं.

तो मोह ज्याने नाकारला त्याची आठवण इथे काढलीच पाहिजे. लाझार पोंतिचेली मूळचा इटलीतल्या एका गरीब डोंगरी गावचा. पोटासाठी लहानपणीच पॅरिसला आला, 1914 साली फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती झाला आणि पुढे इटलीच्या बाजूनेही लढला. पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा शेवटचा सैनिक म्हणून सरकार त्याला राष्ट्रीय इतमामाने निरोप देणार होतं. त्याने आधी साफ नकार दिला. जे खंदकांत मेले त्यांना कुणी विचारलं नाही, मग एका म्हाताऱ्याचा एवढा गौरव कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी तो तयार झाला, पण सन्मान सगळ्या मृतांच्या नावे व्हावा, या अटीवर. 12 मार्च 2008 ला वयाच्या 110 व्या वर्षी तो गेला आणि पाच दिवसांनी पॅरिसमध्ये अंत्यसंस्कार झाले. इंग्लंडचे हॅरी पॅच यांनी तर ऐंशी वर्षं युद्धाचा शब्द काढला नव्हता. 1998 साली बीबीसीचे लोक विचारायला गेले तेव्हा शंभरी गाठलेला हा माणूस बोलू लागला आणि 2009 साली मृत्यू येईपर्यंत बोलत राहिला. विचारायला कुणीतरी गेलं, म्हणून ते बोलले.

त्याच महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसं गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी 147 दिवस उपाशी लढल्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जण कामी आले. त्या लाखोंतला शेवटचा भारतीय शिपाई कोण, कुठल्या गावी आणि कधी वारला, हे आपल्यापैकी कुणाला सांगता येईल? तिकडे शेवटच्या माणसाच्या उशाशी देश बसला होता. इकडे तो कुठल्यातरी ओसरीवर गेला, आणि गावाने तेराव्याला जेवण केलं.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं तेच होऊ द्यायचं का?

काही माणसांनी वेळीच लिहून ठेवलं, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी 1967 साली इंग्रजीत आठवणी लिहिल्या. अनंत भालेराव यांनी हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा असा मोठा ग्रंथ सिद्ध केला. ते स्वतः लढ्यातले. आपल्याच वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर 1948 साली सोळा वर्षांचे होते. त्यांनी या लढ्याची मीमांसा केली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते 2002 पर्यंत आपल्यात होते आणि जाहीरपणे बोलत होते. तेव्हा नेत्यांची बाजू बरीच आली, असं म्हणता येतं. गावाची बाजू आली नाही.

कॅम्पातल्या पंचवीस माणसांच्या तुकडीचं उदाहरण घ्या. माणशी दोन-अडीच भाकरी धरल्या तरी साठ भाकरी. साठ भाकरींना जोंधळ्याचं सहा-सात किलो पीठ लागतं. गावात पिठाची गिरणी नाही. जात्यावर ते दळायला दोन बायांना पहाट पुरत नाही. बरं, जोंधळा आणायचा कुठून? लेव्हीसाठी आलेल्या माणसाने कणगी मोजून नेलेली. रात्री अपरात्री चूल पेटवली तर धूर दिसतो, भाकरी थापण्याचा आवाज शेजारी जातो, आणि सकाळी रझाकारांचं टोळकं दारात उभं. एवढं सगळं ओलांडून त्या भाकरी फडक्यात बांधून शेताच्या बांधापर्यंत पोचवायच्या. पोचवणारं बहुतेकदा घरातलं दहा-बारा वर्षांचं पोर, कारण पोरावर संशय येत नाही. या कामात धोका सैनिकाइतकाच होता. पण यासाठी तुरुंगवास झाला नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून फाईल नाही, म्हणून यादीत नाव नाही.

बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव टिकलं, कारण त्यांनी पुरुषी वेश केला, बंदूक हाती घेतली. आशाताई वाघमारे यांचं नाव संघटनेच्या कामामुळे टिकलं. दळणाऱ्या, थापणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायांची नावं त्यांच्या लेकरांनाच माहीत. त्या बाया आता नाहीत. पण भाकरीचं गाठोडं नेणारी ती पोरं? 1948 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या आसपास आहे. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, पूर्णा, कुठल्याही तालुक्यात जा, अशी माणसं अजून भेटतात. कान थोडे गेलेत, पण रझाकारीचं विचारलं की सरसावून बसतात. सरकारी यादीतला शेवटचा सैनिक गेला तरी शेवटचा साक्षीदार अजून गेलेला नाही, हे आज या व्यासपीठावरून निक्षून सांगायचं आहे.

आणि साक्ष घ्यायची तर ती पुरती घ्यावी लागेल. 17 सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत काय झालं, हेही विचारावं लागेल. रझाकारांच्या अत्याचाराचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानभर फिरून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. तो अहवाल पुढे कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. ज्या घरांनी रझाकारांची जाळपोळ सोसली त्यांची साक्ष जितकी आपली, तितकीच ज्या घरांतली कर्ती माणसं नंतर परतली नाहीत त्यांचीही. याच अहवालात शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. इमरोजचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. हा लढा दोन धर्मांचा होता असं ज्यांना सोपं करून सांगायचं असतं, त्यांनी शोएबुल्लांचं नाव आठवावं. प्रत्यक्ष पाहिलेली माणसं निघून गेली की असं सोपं करणं फार सोयीचं होतं, आणि ते सुरूही झालं आहे.

काम कसं करायचं याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले कॅप्टन भाऊ म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे त्यांच्या तुकडीने अडवली. सत्तरहून अधिक वर्षांनी पत्रकार पी. साईनाथ त्यांच्याकडे गेले, बसले, ऐकलं, छायाचित्रं घेतली, चित्रफीत केली. फेब्रुवारी 2022 मध्ये भाऊ गेले तेव्हा वय शंभरीला टेकलं होतं. पण त्यांचा आवाज, त्यांचा आवेश, प्रसंग सांगताना हात उगारायची त्यांची लकब, सगळं शिल्लक राहिलं. त्याच लढ्यातल्या हौसाताई पाटील यांचंही तसंच. त्याच वर्षी साईनाथांचं पुस्तक आलं, त्यात देशभरातले असे सामान्य स्वातंत्र्यसैनिक आहेत. या कामाला मोठी संस्था लागली नाही, मोठा निधी लागला नाही. म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला वेळ काढणारं कुणीतरी लागलं.

परभणीत स्मरणाची ठिकाणं आहेत. 17 सप्टेंबरला राजगोपालाचारी उद्यानात ध्वजारोहण होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, भाषणं होतात. अमृतमहोत्सवी वर्ष साजरं झालं, रांगोळ्या निघाल्या, प्रभातफेऱ्या झाल्या. हे सगळं व्हावंच. पण वर्षातून एकदा आदराने उभं राहण्याने एकही नवी गोष्ट कळत नाही. शाल पांघरण्याऐवजी प्रश्न विचारले असते तर आज आपल्याजवळ खूप काही असतं.

म्हणून काही मागणं आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस याला द्यावा. गाव दत्तक घेतलंच आहे, तर त्या गावातली ऐंशी ओलांडलेली माणसं शोधावीत आणि फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. इतिहास विभागांनी उर्दू आणि फसली वाचू शकणारी मंडळी जोडून घ्यावीत. परभणीत अशी माणसं आहेत, त्यांना विचारायला कुणी जात नाही एवढंच. जिल्हाधिकारी कार्यालयाने पेन्शनच्या बंद झालेल्या फायली नष्ट करण्याआधी त्यांच्या प्रती अभ्यासकांना मिळतील अशी सोय करावी.

आणि शेवटचं मागणं या सभागृहातल्या प्रत्येकाकडे आहे. तुमच्या घरात, गल्लीत, गावाकडे जे नव्वदीचं माणूस आहे त्याच्याकडे येत्या रविवारी जा. पराक्रमाचं विचारू नका, ते संकोचतं. तेव्हा घरी दळण कोण दळायचं आणि भाकरी कुठे न्यायच्या, एवढंच विचारा. ते जे सांगेल ते लिहून घ्या, खाली तारीख घाला, गावाचं नाव घाला. घरात आजोबांची पेन्शनची फाईल असेल तर ती रद्दीत देऊ नका. तिची प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात नेऊन द्या.